दमट हवेतली रॅव्हिओली

आमचा धंदा छपाईचा. नाशिकला अंबड एमआयडीसीत छोटा गाळा आहे. त्यात एक जुनं दोन रंगी ऑफसेट, एक कटिंग मशीन, तीन माणसं आणि मी. तुळशीचं लग्न झालं की लग्नपत्रिका सुरू होतात, जानेवारीपासून द्राक्षांच्या खोक्यांची लेबलं, आणि आषाढी एकादशी गेली की सगळं थंड. चातुर्मासात लग्नं नाहीत म्हणजे पत्रिका नाहीत. बिलबुकं आणि शाळांच्या पावत्या छापून जेवढा वेळ जाईल तेवढा जातो, उरलेला मी घरी स्वयंपाकघरात लुडबुड करून काढतो. बायको बँकेत आहे, ती सहाला येते. तोवर ओट्यावर माझं राज्य आणि त्या राज्यावर आईची देखरेख.

यंदाच्या लुडबुडीचं नाव सॅलड. म्हणजे सॅलडवर तळलेला, आत सारण भरलेला पास्ता.

सुरुवात लेकीने केली. ती पुण्यात नोकरीला असते. जुलैत चार दिवस आली तेव्हा कॉलेज रोडवरच्या एका दुकानातून पाकीट घेऊन आली. आत टॉर्टेलिनी, म्हणजे करंगळीच्या टोकाभोवती गुंडाळावीत तशी वेटोळी, आत चीज भरून वाळवलेली. इटलीत बोलोन्या आणि मोडेना या दोन शहरांकडची ही खासियत. तिकडे ती पातळ रश्शात घालून खातात. "बाबा, ही तळून सॅलडवर टाकायची, मस्त लागतात," एवढं सांगून ती मैत्रिणीला भेटायला गेली.

मी पाकीट फोडलं आणि थेट कढईत सोडली. रंग काय सुंदर आला! आईने एक तोंडात टाकली, दाढेखाली धरली, मग शांतपणे काढून वाटीत ठेवली. टण्ण असा आवाज आला.

मला कळेना. कुरडई, पापड, चिकवड्या, सगळं वाळवलेलंच तर असतं, तेलात पडलं की दुप्पट फुलतं. हे का नाही फुललं? आई म्हणाली, "कुरडईचा चीक आपण आधी शिजवतो ना? हे कच्चंच वाळवलंय." ऐंशीला टेकलेल्या बाईने एका वाक्यात निकाल लावला. पिठाला शिजायला पाणी लागतं. चीक पाण्यात शिजून मग उन्हात जातो, म्हणून तेलात फुलतो. हा पास्ता न शिजताच वाळलेला. त्याला गरम तेलात टाकलं तर तो शिजणार कुठून? नुसता खडा होणार.

मग उरलेली उकळली, चाळणीत निथळली आणि तळली. यावेळी फुलली, पण त्याआधी माझ्या मनगटावर तीन ठिकाणी तेल उडालं. वेटोळ्याच्या पोकळीत पाणी साचून राहतं हे मला नंतर कळलं. हात नळाखाली धरून उभा होतो तेव्हा डोक्यात आलं, हे तर आपलंच दुखणं आहे. ओलावा.

छपाईवाल्याला पावसाळ्यात दुसरा शत्रू नसतो. कागद हवेतलं पाणी पितो आणि वाढतो. डोळ्याला दिसणार नाही इतकाच वाढतो, पण आमच्या दोन रंगी मशीनवर चार रंगांचं काम दोन फेऱ्यांत होतं. पहिल्या फेरीनंतर कागद रात्रभर दमट हवेत पडला की दुसऱ्या दिवशी रंग रंगावर बसत नाही. गणपतीच्या सोंडेला दोन कडा येतात. म्हणून आम्ही रिमा उघड्या ठेवत नाही, कागद मोकळा करून वाऱ्याला लावतो, मग मशीनवर चढवतो. तीस वर्षं हेच केलं, आणि घरी येऊन ओला पास्ता गरम तेलात सोडला. याला काय म्हणावं.

लेक पुण्याला परत गेली, मी मात्र सुटलो नाही. पाकिटं महाग आणि आत चीज नावाला. म्हटलं घरीच करू, आणि वेटोळी कशाला, सरळ चौकोनी रॅव्हिओली करू. फोनवर लेकीने आणखी माहिती पुरवली. अमेरिकेत सेंट लुईस म्हणून शहर आहे. तिथे द हिल नावाच्या इटालियन वस्तीत रॅव्हिओली तळूनच खातात. ब्रेडच्या चुऱ्यात घोळवायची, तळायची, वर किसलेलं चीज आणि बाजूला टोमॅटोचा सॉस. तिकडे सांगतात की १९४० च्या दशकात कुणा आचाऱ्याच्या हातून रॅव्हिओली चुकून गरम तेलात पडली. कुणाच्या हॉटेलात पडली यावर तिथली हॉटेलं अजून भांडतात. मला हे फार ओळखीचं वाटलं. नाशिकमध्ये पहिली मिसळ कुणाची, असं चारचौघांत विचारून बघा. खुद्द इटलीतही तळण आहेच. सार्डिनिया बेटावर सेआदास नावाचा प्रकार करतात, रव्याच्या पारीत ताजं चीज भरून तळायचं आणि वरून मध ओतायचा. हे आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "साटोरी."

पिठावरून आमचं वाजलं. मी एक वाटी मैदा आणि एक वाटी बारीक बन्सी रवा घेतला. बन्सी गहू हा ड्युरम जातीचा, पास्त्याला लागतो तोच. आपल्याकडे उपम्यासाठी दुकानात बन्सी रवा सहज मिळतो, त्यासाठी परदेशी पिशवी आणायची गरज नाही. उत्तर इटलीत पीठ अंड्यात भिजवतात, पण श्रावणात आमच्या ओट्यावर अंडं येत नाही. दक्षिणेकडे नुसत्या रव्याचं पीठ पाण्यात भिजवतात, तो रस्ता मला बरा पडला. पाऊण वाटीला थोडं कमी कोमट पाणी, मीठ, आणि चांगलं दहा मिनिटं तिंबणं. आई मागून, "मोहन?" मी म्हटलं, मोहन नाही. "मोहनाशिवाय खुसखुशीत कसं होणार?" मी म्हटलं, खुसखुशीत नकोच आहे, कुरकुरीत हवंय. खुसखुशीत म्हणजे तोंडात विरघळणारं, करंजीचं. याला चिवटपणा हवा, नाहीतर उकळत्या पाण्यातच फाटेल. तिला ते पटलं नाही. पण पितळेचं कातणं मात्र तिनेच डब्यातून काढून दिलं.

पीठ ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवलं, रवा फुगायला तेवढा वेळ लागतोच. पारी किती पातळ? रेसिपीवाले एक मिलिमीटर म्हणतात. मी खिशातून तीन व्हिजिटिंग कार्डं काढून एकावर एक धरली. तीनशे जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम भरणाऱ्या, आर्टकार्डाची ती चळत जवळपास तेवढीच भरते. पारीशेजारी ठेवून बोटाने चाचपत लाटली. हसू नका, प्रत्येकाची आपली हत्यारं असतात.

पहिल्या खेपेला सारणात पालक घातला. पनीर आणि पालक, रॅव्हिओलीचं नेहमीचं जोडपं. पालक वाफवला, पिळला, मला वाटलं कोरडा झाला. झाला नव्हता. तेलात गेल्यावर एकेक रॅव्हिओली फुगली, टम्म झाली आणि फटाफट फुटली. आतलं पाणी वाफ होऊन वाट शोधतं, आणि वाट नसली की करून घेतं. कढईत हिरवा चिखल. आई दारात उभी. "चातुर्मासात पालेभाजी खात नाहीत. फुटणारच." 

तेव्हापासून पालक बंद, शास्त्र दोन्ही बाजूंनी सारखंच निघालं. आता सारण असं करतो: लिटरभर म्हशीचं दूध लिंबाने फाडायचं, पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम पनीर निघतं. ते फडक्यात तासभर टांगायचं, मग वर पाट्यावरचा वरवंटा ठेवून आणखी अर्धा तास. हाताने मळून पाहिलं तर तळहाताला ओल लागता कामा नये. त्यात किसलेलं चीज मूठभर, भरडलेली मिरी, बारीक चिरलेली हिरवी मिरची, आलं आणि जायफळ. जायफळ जरा जास्तच. मीठ शेवटी, भरायच्या आधी, कारण मीठ लागलं की पनीर पुन्हा पाणी सोडतं. कांदा-लसूण नाही, का ते वर आलंच.

चार सेंटीमीटरचे चौकोन, मधे छोट्या बोराएवढं सारण, कडेला पाण्याचं बोट, वर दुसरा चौकोन. इथे घाई करायची नाही. सारणाच्या अगदी लगत बोटाने दाबत बाहेर यायचं, हवा आत राहिली तर तीही फुगवते. लॅमिनेशन करताना बुडबुडा कडेकडे ढकलतात ना, तसं. मग कातण्याने कड. उकळत्या खारट पाण्यात तीन-चार मिनिटं, वर तरंगू लागल्या की काढायच्या.

आणि आता खरं काम. पंचा पसरायचा, त्यावर एकेक सुटी मांडायची, पंखा तीनवर. अर्ध्या तासाने उलटायच्या, आणखी पंधरा मिनिटं. हाताला कोरडी, किंचित चामड्यासारखी लागली की तयार. पाऊस लागलेला असेल तर तासभरही लागतो. मग मध्यम आचेपेक्षा थोडं जास्त तापलेलं तेल. पिठाचा कण टाकला तर तळाशी जाऊन लगेच वर आला पाहिजे. आठ-आठ सोडायच्या. पृष्ठभागावर मोहरीएवढे फोड येतात, कडा आधी तांबूस होतात, तेलाचा चरचराट कमी होत जातो. कान द्यायचा तो इथे. आवाज बसला म्हणजे पाणी संपलं. ब्रेडचा चुरा मी लावत नाही. सेंट लुईसवाल्यांना त्यांची पद्धत लखलाभ, ते सॉसमध्ये बुडवून लगेच खातात. सॅलडवर चुरा म्हणजे टीपकागद, ड्रेसिंग शोषून बसतो.

पाला मी गंगापूर रोडला उभ्या राहणाऱ्या एका गाडीवाल्याकडून आणतो. लेट्युस, चेरी टोमॅटो, रंगीत मिरच्या, सगळ्याला तो 'एक्झॉटिक' म्हणतो, पिकतं मात्र आपल्याच जिल्ह्यात. त्यात मी घोळ मिसळतो. घोळाची भाजी आपण डाळ घालून शिजवतो, पण कोवळे शेंडे कच्चे खाऊन बघा. आंबूस, करकरीत, चावलं की रस. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात मिळते, पाऊस तेवढा आटोक्यात पाहिजे. मधे एकदा धरणातून पाणी सोडलं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, त्या आठवड्यात बाजारच बसला नाही. मग नुसतं लेट्युस, काकडी, मुळ्याच्या चकत्या आणि सटाण्याकडच्या डाळिंबाचे दाणे. तेही वाईट नाही. डाळिंब तर हवंच, तळलेल्या चीजवर आंबट-गोड काहीतरी लागतं. द्राक्षांच्या हंगामात काळी द्राक्षं अर्धी कापून घालणार आहे.

पावसाळ्यातला कच्चा पाला म्हणून बायको कटकट करते, आणि तिचं बरोबर आहे. पान न पान सुटं करून तीन पाण्यांतून काढतो. पण मग ते वाळवायचं कसं? सॅलड फिरवून कोरडं करायची जाळीची भांडी मिळतात म्हणे. माझ्याकडे दुसरा पंचा आहे. पानं त्यात बांधायची, चार टोकं मुठीत धरायची, गच्चीत जायचं आणि गोफण फिरवावी तसं गरागरा फिरवायचं. पाण्याचे थेंब चहूकडे उडतात. समोरच्या बिल्डिंगमधले एक काका बाल्कनीतून रोज बघतात. अजून विचारलं नाही त्यांनी, मीही सांगितलं नाही.

ड्रेसिंगची गोष्ट वेगळीच. ऑफसेटची सगळी छपाई तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही या एका गोष्टीवर उभी आहे. प्लेटवर जिथे अक्षर तिथे तेलकट शाई बसते, जिथे कोरं तिथे पाणी. पाणी जास्त झालं आणि शाईत घुसलं की शाई फिकी पडते, छपाईला अवकळा येते. तर आयुष्यभर मी तेलात पाणी जाऊ नये म्हणून मशीनपाशी उभा राहिलो, आणि सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये नेमकं त्या दोघांना एकमेकांत मिसळायचं असतं. तेलाचे बारीक थेंब लिंबाच्या रसात अडकले पाहिजेत, नाहीतर तेल पानावर आणि रस तळाशी.

परदेशी रेसिपीत यासाठी बाटलीतलं मस्टर्ड घालतात. आपल्याकडे फेसलेली मोहरी असताना बाटली कशाला? दोन चमचे मोहरीची ताजी पूड, गार पाणी दोन-तीन चमचे, आणि खलात घोटत राहायचं. गरम पाणी चालत नाही, त्याने झणका मरतो. आधी काहीच वास येत नाही. दोन मिनिटांनी पांढरट फेस धरतो, आणि मग एकदम नाकातून टाळूपर्यंत जाते ती झिणझिणी. आईची आई पंचामृतात घालायला मोहरी फेसायची तेव्हा पोरांना बाहेर हाकलायची म्हणे. या फेसात मीठ, सुपारीएवढा गूळ, एका लिंबाचा रस, आणि मग शेंगदाण्याचं तेल थेंब थेंब, घोटणं चालूच. रसाच्या दुप्पट तेल मला पुरतं. मोहरीचं साल बुळबुळीत असतं, ते दोघांना धरून ठेवतं. अर्ध्या तासानेही फाटलं नाही. मला उगाचच अपराधी वाटलं.

इतकं सगळं जमल्यावर माणसाला लोकांना बोलवायची खुमखुमी येते. राखीपौर्णिमेला बहीण आणि दाजी मालेगावहून येणार होते. नारळीभात बायकोने केला, सॅलड माझ्याकडे. मी सकाळपासून कामाला. साडेबाराला मोठ्या परातीत पानं, ड्रेसिंग, डाळिंब, आणि वर चोवीस रॅव्हिओली अशा मांडल्या की फोटो काढावा. काढलाही. मग ओवाळणी, मग बहिणीचं रडणं-हसणं, मग दाजींचा पिंपळगावच्या ट्रॅफिकवर अर्धा तास. पानं वाढेपर्यंत सव्वा वाजला. बाहेर धो धो पाऊस, घरात भिंतीसुद्धा ओल्या वाटाव्यात अशी हवा. दाजींनी एक रॅव्हिओली उचलली. ती मधोमध वाकली. "चव छान आहे हं," दाजी म्हणाले. बहीण काही बोलली नाही, ती सख्खी असल्यामुळे तिला बोलायची गरज नव्हती. वरचा फोड आलेला पापुद्रा भिजून पोळीसारखा झाला होता. बायकोने गुपचूप पापड तळायला घेतले.

सगळे गेल्यावर तीच म्हणाली, "अहो, मिसळीत फरसाण कधी घालतात?"

बस्स. इतकी वर्षं रविवारी सकाळी मिसळ खायला जातो आपण. मळ्यातल्या मिसळीच्या ठिकाणी ताट येतं त्यात मटकी वेगळी, रस्सा वेगळा, फरसाण वेगळं, पापड वेगळा. कोणी शहाणा माणूस आधी कालवून पंधरा मिनिटं गप्पा मारत बसत नाही. दोन घास भिजवायचे, ते संपवायचे, पुन्हा कोरडं फरसाण वर घ्यायचं. हे ज्या गावाला पाठ आहे त्या गावात राहून मी परातीत आरास मांडली.

आता असं करतो. रॅव्हिओली जेवायच्या वेळेलाच शेवटची तळायची. फार तर आधी एकदा फिकट तळून ठेवायची आणि ऐनवेळी मिनिटभर पुन्हा कडक तेलात. कागदावर नाही, जाळीवर काढायची, नाहीतर खालच्या बाजूला वाफ धरून तीच मऊ पडते. पानांना ड्रेसिंग हाताने चोळायचं, प्रत्येक पानाला लागेल इतकंच, तळाशी साचता कामा नये. आणि रॅव्हिओली वेगळ्या थाळीत, जाळीसकट, टेबलाच्या मधे. ज्याने त्याने आपल्या वाटीत घ्यायच्या, एका वेळी दोन, आणि खाऊन टाकायच्या. गार, आंबट, करकरीत पान आणि त्याच घासात गरम, कडक पापुद्रा, आतून मऊ चीज आणि मागून जायफळ. एवढ्यासाठी केलेली सगळी यातायात मला माफ आहे.

परवा पुन्हा केलं. आई पान खातच नाही, चातुर्मासाचं कारण आहेच, भाद्रपदातही ते चालू राहील असा माझा अंदाज आहे. तिने नुसत्या सहा रॅव्हिओली खाल्ल्या आणि मोहनाबद्दल काही म्हणाली नाही. चार उरल्या. त्या मी गार करून हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवल्या, डब्यात प्रेसमधून आणलेली कोऱ्या कागदाची घडी, ओल शोषायला. सकाळी साडेसहाला उठून चारही कढईत परत कडक केल्या. एक मोडून पाहिली, कट्ट आवाज झाला. मी खूश.

उरलेल्या तिन्ही बशीत घालून आईपुढे ठेवल्या. तिने चहाचा कप जवळ ओढला, एक उचलली आणि खारी बुडवतात तशी चहात बुडवली. चांगली पाच-सहा सेकंद.